धुतलेली केबिन

आजच्या सोहळ्याचं अध्यक्षपद ज्यांनी मोठ्या मनानं स्वीकारलं ते वडगाव रासाईचे माजी सरपंच, आदरणीय तात्याबा. ज्यांच्या औदार्यामुळे हे कार्यालय, हे हार आणि थोड्या वेळानं वाढलं जाणारं जेवण आपल्याला लाभलं ते प्रमुख पाहुणे, ट्रान्सपोर्ट व्यवसायातलं वजनदार नाव, सन्माननीय आनंदराव शेठ. ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो ते सत्कारमूर्ती ज्ञानदेव आबा आणि त्यांच्या सौभाग्यवती ताईबाई. चालक मित्रमंडळाचे पदाधिकारी. दौंड, शिरूर, कुरकुंभच्या वाटेवर गाड्या उभ्या करून आलेले माझे ड्रायव्हर बांधव. आणि तिसऱ्या रांगेत बसलेल्या करुणाताई. सर्वांना या नवनाथचा नमस्कार, आणि जय भीम.

शेठना मी वजनदार म्हणालो, तो शब्द मी उगाच वापरत नाही. सतरा वर्षं मी कुरकुंभ रस्त्यावरच्या वजनकाट्यावर बसतोय. त्याआधी नऊ वर्षं गाडी चालवली. कंबर गेली, तेव्हा आबांनीच शब्द टाकून मला काट्यावर बसवलं. काट्याची जागा शेठची आहे, हेही कृतज्ञतेनं नमूद करतो.

सूत्रसंचालन करणाऱ्या सीमा मॅडमनी मला दहा मिनिटं दिली आहेत. माझ्यानंतरचा कार्यक्रम मोठा आहे. आबांचे जावई भारतराव, कवठे येमाईचे, यांना शेठ आज याच व्यासपीठावर नव्या नोकरीची किल्ली देणार आहेत. ते बघा ताट, हळदीकुंकू, नारळ आणि मधोमध किल्ली. बाहेर टँकर उभा आहे, झेंडूनं मढवलेला. महिना पन्नास हजार पगार, उद्या सकाळी हजर व्हायचं. आबांच्या सत्काराला याहून मोठा आहेर कुठला? टाळ्या वाजवा की. वाजवा.

दाराशी निळ्या शर्टात एक पाहुणे केव्हाचे उभे आहेत. परगावचे दिसतात. भैया, अंदर आइए, खाना सबके लिए है. नको म्हणतात. बरं.

तर आबांबद्दल. अडतीस वर्षं गाडी, आणि एकही माणूस चाकाखाली नाही. पहिला पगार सहाशे रुपये. त्यातले आईला किती, घरात किती, हे ताईबाईंना विचारा, त्यांना अजून पाठ आहे. पण आबांचं खरं कसब स्टेअरिंगवर नव्हतंच. आबा नोकरी बघायचे. मुलगी बघायला जातात ना, तशी. या हॉलमधल्या निम्म्या लोकांनी नोकरी धरण्याआधी आबांना नेऊन गाडी दाखवलेली आहे. हात वर करा बरं. बघा शेठ, किती हात आहेत.

आबा पगार शेवटी विचारायचे. मालक म्हणाला पंचवीस हजार, की आबा म्हणणार, "त्ये ऱ्हाऊ द्या. भत्ता येगळा का त्यातलाच? गाडी खाली व्हायला दोन दिस उभी ऱ्हायली, तर त्या दोन दिसांचं जेवान कुनाचं? डिझेलचं अ‍ॅव्हरेज तुमी धरलंय, का गाडीनं कबूल केलंय?" एका मालकानं ड्रायव्हरचं ओरिजिनल लायसन आपल्या कपाटात ठेवायचं म्हटलं. आबा म्हणाले, "ठिवा. आन् तुमच्या मंडळींचं मंगळसूत्र आमच्या केबिनमधी ठिवतो, बरुबर हुईल." तो मालक आज हयात नाही, पण हसला होता म्हणतात.

आजचा भाव तुम्हाला ठाऊक आहे. जवळच्या फेऱ्यांना वीस-बावीस हजार, लांबच्या रूटला भत्त्यासकट तीस-पस्तीस. धोकादायक मालाचं ट्रेनिंग केलेलं असेल, लायसनवर तसा शेरा असेल, तर थोडं वर. आबा सांगायचे, पगाराला आधी घराबाहेर काढलेल्या तासांनी भाग द्यावा आणि मग खूश व्हावं. आणि भावापेक्षा कुणी फारच जास्त द्यायला लागला तर? तेव्हा आबांचं एक वाक्य होतं. "भावापरीस जास्ती मिळतंय त्यो पगार न्हाई गड्या. त्ये कशाचं तरी आगाऊ हाय. कशाचं, त्येवढं बघायचं."

आणि ते बघायची आबांची रीत अशी, की ते केबिनमध्ये चढायचे. केबिन धुण्याआधी.

माताभगिनींसाठी सांगतो. ड्रायव्हर नोकरी सोडतो तेव्हा गाडीतलं आपलं सामान तो स्वतःच्या हातानं उतरवतो. आधी ताट-तांब्या, मग अंथरूण, मग देवाचा फोटो, आणि सगळ्यात शेवटी चप्पल. दुसऱ्याला हात लावू देत नाही. भांडून सोडली तरी उतरवतो. दारू पिऊन सोडली तरी दुसऱ्या दिवशी येऊन उतरवतो. म्हणून रिकामी केबिन असली की समजायचं, माणूस सोडून गेला. सामान असलं की समजायचं, माणूस गेलेला नाही, त्याला नेलंय.

आबा तरणे असताना बार्शीच्या एका मालकानं त्यांना ट्रक दाखवला. टायर नवे, पगार सव्वापट. आबा वर चढले. सीटमागं कांबळं होतं, घडी घातलेलं. आरशात कंगवा खोचलेला. अर्धी साबणाची वडी कागदात गुंडाळलेली. आबा खाली उतरले आणि म्हणाले, "जो मानूस कांबळ्याची घडी घालून उतरतो, त्यो परत येनार आसतो. त्यो कुठं हाय?" मालक नुसते नवे टायर दाखवत राहिला. तो माणूस सोलापूरच्या सरकारी दवाखान्यात पडलेला होता, दोन्ही पाय मोडून. त्या गाडीचे ब्रेक घाटात दोनदा गेले होते. आबांनी ती नोकरी धरली नाही.

एवढं शहाणपण आम्हाला आयतं मिळालं होतं. आता आमची अक्कल सांगतो.

वडगाव रासाईचा महेंद्र माझा मित्र. करुणाताईंचे मालक. तीन वर्षांपूर्वी त्याला टँकरची नोकरी चालून आली, महिना पंचेचाळीस हजार. तेव्हा तो एकवीस हजारांवर होता. मुलीला दौंडला अकरावीला घालायचं होतं. तो म्हणाला, "नवनाथ, आबास्नी गाडी दाखवायची." आबा तेव्हा चेन्नईच्या फेरीवर, आठ दिवस येणार नव्हते. आणि मालकाचा निरोप, तीन दिवसांत हो-नाही कळवा, लाइनीत दुसरे उभे आहेत. मी म्हणालो, "आबा कशाला पायजे? म्या हाय की!"

माझी कॉलर त्या दिवशी ताठ होती बघा. टायर मी पाहिले, कागद पाहिले, इन्शुरन्सची तारीख पाहिली, इंजिन ऐकलं, सगळं चोख होतं. मग मला वाटलं, मित्र नव्या गाडीवर बसतोय, पूजा होणार, करुणाताई मुलीला घेऊन येणार, गाडी नीट दिसावी. म्हणून आदल्या दिवशी पाइप लावून मी स्वतः केबिन धुतली.

रिकामी नव्हती ती. स्टीलचा डबा होता, घासून पालथा घातलेला. खुंटीला टॉवेल. खोकल्याच्या गोळ्यांची अर्धी पट्टी. डोळ्यांत घालायच्या थेंबांच्या तीन बाटल्या, दोन रिकाम्या आणि एक भरलेली. चपलांचा जोड सीटखाली, टाचा जुळवून ठेवलेला. मी काय म्हणालो असेन? म्हणालो, कसला गबाळा माणूस, सामान टाकून गेला. सगळं गोणीत भरलं, गोणी काट्याच्या खोलीत कॉटखाली सारली आणि केबिनला फिनेल मारलं. सकाळी महेंद्रनं डॅशबोर्डवर बुद्धांचा छोटा फोटो चिकटवला, चार कोपऱ्यांना गोंद लावून. धरायला मीच होतो. पेढा पहिला मला दिला त्यानं. आबा चेन्नईहून आल्यावर त्यांनी विचारलं, "केबिन बघितली व्हतीस का रं?" मी म्हणालो, बघितली, काही नव्हतं. आबा, मी खोटं बोललो. आज भर सभेत सांगतो.

चिठ्ठी आली. "वेळ झाली, आवरावे." मॅडम, अक्षर तुमचं असलं तरी मजकूर तुमचा नाही. आवरतोच आहे. शेठ हसतायत. शेठचं एक चांगलं आहे, ते रागावले तरी हसतात.

काट्यावर बसणाऱ्याला गाड्यांची तोंडं आठवत नाहीत, नंबर आणि वेळा आठवतात. महेंद्रचा टँकर दुपारी एक वाजता भरून माझ्या काट्यावरून जायचा. बिल्टीवर माल पोचवायचं ठिकाण लिहिलेलं असायचं सोलापूरच्याही पलीकडचं. आणि साडेचारला गाडी रिकामी परत. तुम्ही सगळे ड्रायव्हर आहात. साडेतीन तासांत सोलापूरच्या पलीकडं जाऊन, टँकर खाली करून परत कोण येतं? मी वजन लिहायचो आणि पावती फाडायचो. एकदा विचारलं तर महेंद्र म्हणाला, "नग इचारू. पोरीची बारावी हुंद्या, मग सोडतो." डोळे लाल होते त्याचे. मी म्हणालो, जागरण करतोस. जागरण! अहो, ही कामं रात्रीची नसतातच. रात्री गस्त असते, गावं जागी असतात. दुपारी दोन ते चार उन्हात ओढ्याकडं कोण ढुंकून बघतं?

ओढ्यात सोडलं जायचं ते कुठल्या कारखान्याचं सांडपाणी होतं, मला माहीत नाही. माहीत नसलेलं मी बोलणार नाही. एवढं माहीत आहे की बंद पडलेल्या खडी क्रशरच्या मागं, मे महिन्यात, दुपारी अडीचला, शेळ्या राखणाऱ्या एका बाईला महेंद्र टँकरच्या मागच्या व्हॉल्वपाशी पालथा दिसला. व्हॉल्व अर्धा उघडा होता. सदतीस वर्षांचा गडी. कागदावर आलं, हृदयविकार. त्याला मास्क म्हणून काय दिलं होतं? रुमाल. तोही त्याचा स्वतःचाच, करुणाताईंनी कोपऱ्यात म लिहिलेला.

तिसऱ्या दिवशी तोच टँकर माझ्या काट्यावर चढला, चार दिवसांच्या बदलीचा माणूस घेऊन. मी वजन केलं. होय, केलं. पावती फाडली, पैसे घेतले. त्यानंतर ती गाडी माझ्या काट्यावर आली नाही.

मग मी कॉटखालची गोणी ओढली. डब्यात दवाखान्याचा कागद निघाला. चांगदेव नावाचा माणूस, करमाळ्याकडचा, खाली फोन नंबर. लावला. बाईमाणसानं उचलला. मी म्हणालो, तुमच्या मालकांचं सामान माझ्याकडं आहे. तिनं माझं नाव विचारलं. मग म्हणाली, "सामान ऱ्हाऊ द्या. त्यास्नी आता दिसत न्हाई. चपला तेवढ्या धाडा, त्याच इचारत्यात सारखं."

चपला मी पाठवल्या. त्याहून मोठं काही माझ्या हातून झालं नाही. तोंड मी बंदच ठेवलं. काट्याची जागा कुणाची, ते सुरुवातीलाच सांगून झालंय. माझ्याही घरी दोन मुलं आहेत. आपल्याकडं म्हणतात ना, आपलं ठेवायचं झाकून. मी दुसऱ्याचं झाकून ठेवलं, दोन वर्षं.

बसा हो, कुठं निघालात? जेवणाला वेळ आहे अजून. माइकची वायर काढायला आला असाल तर काढा. काट्यावरून हायवेच्या पलीकडं हाक मारायची सवय आहे मला, शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचतो.

आज सकाळी आठ वाजता आबा माझ्याकडं आले. नवं धोतर, कडक टोपी. म्हणाले, "शेठनी जावयाची गाडी कार्यालयावर आनलीय. मला सत्काराच्या दिशी कुठं वर चढू देत्यात? तू बघून ये." मी आलो. पांढराशुभ्र टँकर. महेंद्रचा निळा होता, त्यामुळे जिवाला बरं वाटलं. मग नंबर पाहिला. झेंडूच्या माळेनं निम्मा झाकला होता. उरलेला निम्मा मला झोपेतही येतो.

वर चढलो. फिनेलचा वास, उदबत्तीचा वास. डबा नाही, टॉवेल नाही, चप्पल नाही. सीटला नवं कव्हर. रिकामी केबिन, जशी सोडून गेलेल्या माणसाची असते तशी. कुणीतरी माझ्यासारखंच चोख काम केलं होतं. फक्त डॅशबोर्डवर गोंदाचे चार ठिपके राहिलेत. चौकोनी फोटोच्या चार कोपऱ्यांचे. पाण्यानं निघत नाहीत ते. तो गोंद मीच आणला होता.

परत गेलो. आबांनी विचारलं, "बघितली?" म्हटलं, बघितली. "केबिन?" म्हटलं, "धुतलेली हाय, आबा." आबांनी टोपी काढली, झटकली, परत घातली. म्हणाले, "मला बोलता येत न्हाई सभेत. तुला येतंय."

म्हणून मी उभा आहे. नाहीतर आज माझं नाव वक्त्यांत नव्हतं, आपल्याला माहीत आहे. आयत्या वेळी घातलं.

आता मला सांगा, सत्कारातला आहेर कुणी परत करतं का? सासऱ्याच्या अंगावर शाल आहे, अध्यक्ष बसलेत, पाहुणे टाळ्या वाजवतायत, आणि जावयानं म्हणायचं, मला ही नोकरी नको? भारतराव, तुम्ही नाही म्हणू शकला नसता. आबांच्या लेकीनं, शितलताईंनीही म्हणू दिलं नसतं, पन्नास हजार आहेत. म्हणूनच किल्ली ऑफिसात दिली नाही, ताटात घालून इथं आणली. शेठ, हुशारी मानली तुमची. आबांना न विचारता कुणी गाडीवर बसत नाही, हे तालुक्याला ठाऊक. मग आबांच्याच सत्कारात किल्ली दिली की पुढं कुणाला विचारायचं राहिलंच नाही. उद्या दुसरा येईल, तो म्हणेल, आबांचा जावई ज्या गाडीवर बसला ती गाडी वाईट कशी असेल?

आबा, उठू नका, त्रास होईल. बरं, उठा. माइक घ्या. नको? मोठ्यानं बोला मग.

ऐकलंत का मागच्यांनी? नसेल तर मी परत सांगतो. आबांनी विचारलं, "शेठ, आधीचा डायव्हर कुठं हाय?"

एवढंच विचारलंय. अडतीस वर्षं एवढंच विचारलं त्यांनी. शांतता ठेवा, पाहुण्यांना उत्तर देऊ द्या.

शेठ म्हणतात, "सोडून गेला तो."

करुणाताई, ऐकलंत? सोडून गेला.

तुम्ही उभ्या का राहिलात ते मला कळतंय. जरा थांबा. तुमच्या हातातली पिशवी मला माहीत आहे, सकाळी मीच तुम्हाला फोन केला होता. क्रशरपाशी त्याच्या पायातनं निघालेल्या चपला आहेत त्यात. सभाजनहो, ज्यानं नोकरी सोडली त्याच्या चपला त्याच्या पायात असतात. त्या बायकोच्या पिशवीत नसतात.

भारतराव व्यासपीठावरून उतरून खाली बसले. बरं केलंत. आबांनी शाल काढून शेठच्या खुर्चीच्या हातावर ठेवली. तुम्ही सगळ्यांनी पाहिलंत, मी वेगळं वर्णन करत नाही. ताईबाई रडू नका, जावई घरी आहे. पन्नास हजाराचा नाही, पण आहे.

माझं म्हणाल, तर उद्यापासून काट्यावर मी दिसणार नाही. पावतीची पुस्तकं मात्र सकाळीच तात्याबांच्या घरी पोचवली आहेत. प्रत्येक पावतीवर नंबर, वजन आणि वेळ आहे. अध्यक्ष महोदय, ती कुणाला दाखवायची ते तुम्ही ठरवा, आज ठरवा.

एक मिनिट. कुणीतरी पंखे बंद करा.

इंजिन सुरू झालं का बाहेर?

किल्ली तर ताटातच आहे. हो, दुसरी असतेच, शेठच्या मॅनेजरकडं. आणि मॅनेजर मघापासून खुर्चीवर नाहीत. दाराशी बघा, निळा शर्ट दिसतोय कुणाला? आत्ता आठवलं, काल तो काट्यावर आला होता. "भैया, ड्राइवर की जगह खाली है क्या?" मी म्हणालो, भर गई. मॅनेजर म्हणाले, कल हॉल पे आना, देखेंगे. सकाळपासून तो त्यासाठीच ताटकळत होता, आणि मी त्याला जेवायला बोलवत होतो. त्याचं नाव कुणी विचारलंय का? मी नाही विचारलं. पुन्हा तेच केलं मी. गाडी बघितली, नंबर बघितला, माणूस बघायचा राहिला.

आभार मानायचे राहिले. अध्यक्षांचे मानतो, मंडळाचे मानतो, सकाळपासून चुलीपुढं बसलेल्या बायांचे मानतो. बोलताना पाहुण्यांचा मान राखायचा राहिला असेल, शब्द वेडावाकडा गेला असेल, तर तो पोटात घाला. केबिन धुतली, ते मात्र घालू नका. आणि आता उठा. समोरच्या काचेवर झेंडू आहे, त्याला पुढचं दिसत नाही, फाटकातून एवढा टँकर वळवायला दोन मिनिटं तरी लागतील. पळा, त्याला खाली उतरवा, त्याचं नाव विचारा.

करुणाताई बघा, चपलांची पिशवी घेऊन दारापाशी पोचल्यासुद्धा.